शेवटच्या दिव्यापर्यंत

एलईडी पट्टीचं कौतुक होतं ते रंगांचं. पण तिची सगळी अक्कल तिला चालवणाऱ्या काडेपेटीएवढ्या डबीत असते. कंट्रोलर घेताना रंग किती, हे मी शेवटी विचारतो. आधी विचारतो ते हे: वाय-फाय बंद पडलं, लाइट गेली, पट्टी लांब झाली, तर हा काय करतो? या प्रश्नांची फार नेटकी उत्तरं देणारी जोडी म्हणजे ईएसपी-३२ ही चिप आणि तिच्यावर चालणारी डब्ल्यूएलईडी ही मुक्त स्रोत प्रणाली.

आधी या चिपचं पट्टीशी होणारं बोलणं ऐकू. डब्ल्यूएस-२८१२बी पट्टीत प्रत्येक दिव्याच्या पोटात स्वतःची चिप असते आणि सगळ्यांना मिळून निरोपाची तार एकच. दर दिव्याला २४ बिट: आधी हिरवा, मग लाल, मग निळा. पंगतीत आपल्यापुरतं वाढून घेऊन पातेलं पुढे सरकवावं, तसा पहिला दिवा आपले २४ बिट ठेवतो आणि उरलेले पुन्हा ठाशीव करून पुढे धाडतो. एक बिट सव्वा मायक्रोसेकंदाचा. म्हणजे ३०० दिव्यांचा निरोप ९ मिलिसेकंदांत पोचतो. भिंतीवरून रंगाची लाट कुठेही न अडखळता सरकते, ती या वेगामुळे.

इथेच स्वस्त जोडणी उघडी पडते. ईएसपी-३२ बोलते ३.३ व्होल्टमध्ये आणि ५ व्होल्टवरच्या दिव्याला खात्रीने ऐकू यायला साधारण ३.५ व्होल्ट लागतात. तेवढ्या उणिवेने पट्टी मधूनच भलत्या रंगात लुकलुकते. चांगल्या बोर्डावर हा सिग्नल ५ व्होल्टपर्यंत उचलणारी छोटी चिप आणि फ्यूज, दोन्ही असतात. क्विनएलईडीच्या डिग-युनो या बोर्डावर ती आहेत. बोर्ड हातात घेतल्यावर मी पहिल्यांदा शोधतो त्या याच दोन गोष्टी.

मला सर्वांत आवडतो तो या प्रणालीचा संयम. एक दिवा पूर्ण पांढरा पेटला की सुमारे ६० मिलिअँपिअर ओढतो. मीटरला ६० दिव्यांची पाच मीटर पट्टी घेतली, तर हिशेब १८ अँपिअरवर जातो. अडॅप्टर १० अँपिअरचा असेल तर? तो आकडा डब्ल्यूएलईडीला एकदा सांगून ठेवायचा. मग प्रत्येक चित्र पट्टीकडे धाडण्याआधी ती सगळ्या दिव्यांच्या विजेची बेरीज करते आणि मर्यादा ओलांडणार असेल, तर सगळ्यांचं तेज एकाच प्रमाणात उतरवते. रंगांचं आपसातलं नातं बिघडत नाही. ही बेरीज अंदाजाची आहे, मोजमापाची नाही. म्हणून फ्यूज हवाच.

लाइट जाऊन रात्री तीनला परत आली, की पुष्कळ कंट्रोलर घरभर झगझगाट करतात. इथे सेटिंगमधली एक खूण काढली की पट्टी विझलेलीच राहते, किंवा आपण ठरवलेल्या मंद रंगात उठते. इंटरनेट गेलं तरी घरातल्या घरात सगळं चालतं, कारण आज्ञा दूरच्या कुठल्या कंपनीच्या सर्व्हरवर जाऊन परत येत नाही. घरचं वाय-फायच सापडलं नाही, तर डब्ल्यूएलईडी स्वतःचं वाय-फाय उभं करून फोनला वाट देते. शिवाय भिंतीवर साधं पुश-बटण जोडता येतं. घरातल्या आजींना ॲप शिकवत बसावं लागत नाही.

एक गोष्ट मात्र कुठल्याच कंट्रोलरच्या हातात नाही. लांब पट्टीच्या शेपटाकडे पांढरा रंग पिवळट, पुढे तांबूस होत जातो. तांब्याच्या पातळ पट्टीत व्होल्टेज गळतं. निळ्या-हिरव्या दिव्यांना पेटायला ते जास्त लागतं, लाल कमीतही तग धरतो. उपाय साधा: पट्टीच्या दुसऱ्या टोकालाही अडॅप्टरची वायर जोडायची.

म्हणून घरासाठी कंट्रोलर आणि पट्टीचा संच निवडताना दुकानातला इंद्रधनुष्याचा डेमो बाजूला ठेवा. पूर्ण पांढरा लावून पट्टीचं शेवटचं टोक बघा, राउटर बंद करून बघा, मेन स्विच पाडून पुन्हा वर करा. या तिन्हींत जो सरळ वागतो, त्याला दोन पैसे जास्त द्यावेत. रंग तर सगळेच दाखवतात.