जोड दिसू द्या: डेव्हिड हॉकनीचं कॅमेऱ्याशी भांडण

डेव्हिड हॉकनी म्हटलं की बहुतेकांना कॅलिफोर्नियातले निळे स्विमिंग पूल आठवतात. मला त्याची रस्त्यांची आणि झाडांची चित्रं जास्त महत्त्वाची वाटतात. त्यांत तो एकाच प्रश्नाच्या मागे वर्षानुवर्षं हात धुऊन लागलेला दिसतो: समोरची जागा फोटोत का मावत नाही? हा प्रश्न आता फक्त चित्रकारांचा उरलेला नाही. खिशात कॅमेरा घेऊन फिरणाऱ्या आपल्या सगळ्यांचा तो आहे.

हॉकनीची तक्रार थोडक्यात अशी. कॅमेऱ्याला एकच डोळा असतो, तो एका जागी खिळलेला असतो आणि सेकंदाच्या छोट्याशा तुकड्यापुरता उघडतो. माणूस असं बघत नाही. आपले दोन्ही डोळे सतत हलतात, मान वळते, पाय पुढे पडतात आणि आत्ता दिसतंय त्यात मघाशी पाहिलेलं मिसळत राहतं. बघण्यात वेळ जातो आणि तो वेळ फोटोत येत नाही. 1967 सालच्या ‘अ बिगर स्प्लॅश’मध्ये कुणीतरी पाण्यात उडी मारल्यावर उडालेलं पाणी आहे. प्रत्यक्षात ही दोन सेकंदांची गोष्ट, पण ती रंगवायला त्याला दोन आठवडे लागले. त्याची पुढची कितीतरी कामं या तफावतीतून निघाली आहेत.

गंमत म्हणजे कॅमेऱ्यावर एवढी टीका करणारा हा माणूस कॅमेरा कधीच सोडत नाही. 1982 साली त्याने पोलरॉइडने आपल्या घराचे तुकड्या-तुकड्यांत फोटो काढले आणि ते शेजारी शेजारी लावले. या प्रकाराला तो ‘जॉइनर’ म्हणतो. त्यातलं सगळ्यात गाजलेलं काम म्हणजे 1986 सालचं ‘पेअरब्लॉसम हायवे’. वाळवंटातला चौरस्ता, स्टॉपची पाटी, कडेला पडलेले कॅन आणि बाटल्या, वर निळं आकाश. हे सगळं सातशेहून जास्त फोटोंच्या तुकड्यांनी बनलंय. पाटीचे फोटो त्याने शिडीवर चढून जवळून घेतले आणि कचऱ्याचे वरून वाकून. म्हणून या चित्रात कुठलीच गोष्ट लांब वाटत नाही. उजवीकडे ड्रायव्हरला दिसणारा, पाट्यांनी भरलेला रस्ता आहे, तर डावीकडे शेजारच्या सीटवरून निवांत बघणाऱ्याचा.

इथे माझ्यातला इंजिनिअर जागा होतो. फोटो जोडणं हे सॉफ्टवेअरमधलं जुनं, बऱ्यापैकी सुटलेलं काम आहे. दोन फोटोंतले समान बिंदू शोधायचे, एक फोटो वाकवून दुसऱ्यावर बसवायचा आणि मधली रेघ पुसून टाकायची. जागा बदलल्यामुळे वस्तू सरकल्या असतील तर ती चूक मानायची. फोटो काढताना कुणी चालत गेलं आणि त्याची भुतासारखी छटा उमटली, तर तीही काढून टाकायची. आता ‘पेअरब्लॉसम’कडे परत बघा. प्रोग्रॅम ज्याला चूक म्हणतो नेमकं तेच हॉकनीने ठेवलंय. कडा जुळत नाहीत, आकाशाचा निळा तुकड्यागणिक बदलतो. एक माणूस इथे आठवडाभर हिंडत होता, हे त्या जोडांवरूनच कळतं.

हॉकनीची मूळ तक्रार आज तांत्रिकदृष्ट्या जुनी झालीय, असं माझं मत आहे. फोनचं बटण एकदा दाबलं की बहुतेक वेळा एक फोटो निघतच नाही. एकापाठोपाठ अनेक फ्रेम घेतल्या जातात, त्यातला उजेड-अंधार जुळवला जातो आणि सगळ्यांचा मिळून एक फोटो बनतो. काही फोन तर ग्रुप फोटोत प्रत्येकाचा चांगला चेहरा वेगवेगळ्या फ्रेममधून उचलून आणतात. म्हणजे फोनमधला फोटो हाही एक जॉइनरच आहे, फक्त जोड लपवलेला. त्यात वेळ असतो, पण इस्त्री करून सपाट केलेला. आपण मात्र तो एका क्षणाचा पुरावा म्हणून जपतो. त्यामुळे हॉकनीचं भांडण मिटत नाही, फक्त त्याचा मुद्दा बदलतो. कॅमेऱ्याला क्षणापलीकडचं दिसतं का, हा जुना प्रश्न. जे दिसलं ते कसं जोडलं हे तो सांगतो का, हा नवा.

हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याच्या धारेवर उभं राहिलेल्या कुणालाही हे पटेल. कडा आतल्या बाजूला वाटीसारखा वळलेला आहे. साध्या फोटोत तो मावत नाही, म्हणून आपण पॅनोरामा काढतो. पॅनोरामाचं गणित असं की सरळ रस्ता वाकडा दिसतो आणि आपल्याभोवती वळलेली भिंत सरळ होते. कड्याचं जे वैशिष्ट्य टिपायला फोन बाहेर काढला, तेच सपाट होऊन गॅलरीत जातं. हॉकनीचा ग्रँड कॅन्यन याच अडचणीतून आलाय. 1982 साली त्याने तिथे फोटोंचे जॉइनर केले आणि 1998 मध्ये तीच दरी 60 कॅनव्हास जोडून रंगवली. तिथेही जोड उघडे ठेवले.

त्याचं सगळ्यात हळवं काम मात्र त्याच्या स्वतःच्या मुलखातलं, इंग्लंडच्या यॉर्कशायरमधलं आहे. 1997 साली त्याचा मित्र जोनाथन सिल्व्हर कॅन्सरने आजारी होता. हॉकनी ब्रिडलिंग्टनहून वरचेवर गाडीने त्याला भेटायला जायचा. यॉर्कशायर रंगव, हा आग्रह सिल्व्हरचाच. त्या येण्याजाण्यातून ‘द रोड अक्रॉस द वोल्ड्स’ आलं. सिल्व्हर त्याच वर्षी गेला. पुढच्या वर्षीचं ‘गॅरोबी हिल’ हॉकनीने लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत आठवणीतून रंगवलं. त्यात रस्ता वळत खाली घसरतो आणि पलीकडची शेतं गोधडीसारखी वर चढत जातात. कुठल्याही एका जागी उभं राहून हे असं दिसणार नाही. पुन्हा पुन्हा त्या रस्त्याने गेलेल्या माणसाच्या अंगात बसलेली ती वळणं आहेत. त्या प्रवासाचं कारण माहीत असेल तर त्यातले भडक रंग नुसते आनंदी वाटत नाहीत.

2007 सालचं ‘बिगर ट्रीज निअर वॉर्टर’ हे 50 कॅनव्हासचं, 12 मीटरहून जास्त लांब चित्र. पानं फुटायच्या आत, उघड्यावर रंगवलेलं. एवढं मोठं चित्र एकत्र बघायला जागाच नव्हती, म्हणून प्रत्येक कॅनव्हासचा डिजिटल फोटो काढून कॉम्प्युटरवर सगळे जुळवून पाहिले गेले. या चित्राच्या लांबलचक शीर्षकात ‘फोटोग्राफीनंतरच्या नव्या युगासाठी’ असाही एक भाग आहे. फोटोग्राफीनंतरचं चित्र फोटोच्या मदतीने पुरं झालं, यावर हसू येतं. पण मला यात ढोंग दिसत नाही. मागे सरकून बघायला कॅमेरा चालेल, पण काय बघायचं ते त्याने ठरवायचं नाही, एवढीच त्याची अट दिसते. 2010-11 मध्ये त्याने गाडीवर नऊ कॅमेरे लावून वोल्डगेटच्या जंगलातून चारही ऋतूंत हळूहळू चक्कर मारली. त्या नऊ चौकटी एकमेकींशी पूर्ण जुळत नाहीत, म्हणून नजर एका फांदीवरून दुसरीवर उडत राहते. पुढे येणारी फांदी एका चौकटीत मोठी होते, शेजारचीत अजून लांब असते.

सगळंच जमलंय असं नाही. 2011 मधल्या वसंताची आयपॅडवरची 51 चित्रं मला उणी वाटतात. सॉफ्टवेअरच्या ब्रशला कागदासारखा विरोध नसतो, त्यामुळे पानं शिक्के मारल्यासारखी तीच तीच येतात. त्याच ॲपमध्ये चित्र पहिल्या रेघेपासून परत चालवून बघता येतं. हा रिप्ले अनेकदा पूर्ण चित्रापेक्षा जास्त रंगतो, कारण गिटच्या हिस्टरीसारखं आधी काय होतं आणि मग काय बदललं ते त्यात दिसतं. त्याच्याच कसोटीवर बोलायचं तर वेळ रिप्लेमध्ये राहिला, चित्रात पुरता उतरला नाही.

आणखी एक अडचण आपल्या बाजूची आहे. ही चित्रं मी स्क्रीनवरच पाहिली आहेत. 12 मीटरचं चित्र बोटाएवढं होतं, 50 कॅनव्हासमधल्या रेघा गायब होतात आणि सगळं पुन्हा एका डोळ्याचं होतं. त्यावर थोडा उतारा आहे. ‘पेअरब्लॉसम हायवे’ शोधा, झूम करा आणि पाटीपासून कचऱ्यापर्यंत बोटाने सरकत जा. एका वेळी एकच तुकडा दिसेल. मधेच आकाशाचा निळा बदलेल, डांबराची कड एका चौकटीत तुटून दुसरीत थोडी खाली सुरू होईल. तिथे थांबा. दोन्ही फोटो काढताना तो वेगवेगळ्या जागी उभा होता.