विज्ञानकथेचे इमान : कृष्णविवर आणि कृमिविवर

गेल्या प्रायश्चित्त काळात एका प्रवचनकारांनी आमच्या धर्मग्रामातील तरुणांना असे सांगितले की, पुनरुत्थित प्रभू येशू बंद दारांच्या खोलीत शिष्यांपुढे प्रकटला तो एखाद्या 'कृमिविवरा'तून आला असला पाहिजे, आणि विज्ञानाने आता ही गोष्ट मान्य केली आहे. दाखला म्हणून त्यांनी 'इंटरस्टेलर' या चित्रपटाचे नाव घेतले. तरुण मंडळी प्रसन्न झाली. नंतर सभागृहाबाहेर एका मुलीने आम्हाला विचारले, "फादर, हे खरं आहे का?" आम्ही तिला 'नाही' म्हणून सांगितले, पण त्या 'नाही'ची कारणे उभ्या उभ्या सांगण्याजोगी नव्हती. तो चित्रपट आम्ही पुन्हा पाहिला, त्यामागील विज्ञान झेपेल तितके वाचले, आणि जे आढळले ते येथे मांडीत आहोत.

प्रथम एक भेद ध्यानी घ्यावयास हवा. कृष्णविवर आणि कृमिविवर ही नावे विज्ञानकथेत जोडीने येतात, म्हणून वाचकाला ती सख्खी भावंडे वाटतात. दोन्ही आइन्स्टाइनच्या समीकरणांतून निघतात हे खरे. पण त्यांची योग्यता एक नाही. ज्याच्यापासून प्रकाशही निसटू शकणार नाही अशा ताऱ्याची कल्पना १७८३ मध्ये जॉन मिचेल या इंग्रज धर्मोपदेशकाने मांडली, तीही थॉर्नहिल येथील पॅरिश सांभाळीत असताना. (पॅरिशच्या हिशेबवह्यांत बुडालेल्या आमच्यासारख्याला त्याचा हेवा वाटल्यास नवल नाही.) १९१६ मध्ये श्वार्झशिल्ड यांनी सापेक्षता सिद्धांतातून त्याचे नेमके गणित दिले. कृष्णविवराच्या सीमेवर हे गणित अनंतात जाते असे दिसे. ते अनंत खरे नसून मोजणीच्या पद्धतीतून उद्भवलेले आहे, हे १९३३ मध्ये दाखविले ते जॉर्ज लमेत्र या बेल्जियन कॅथलिक धर्मगुरूंनी. पुढे १० एप्रिल २०१९ रोजी, साडेपाच कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या आणि साडेसहाशे कोटी सूर्यांचे वजन असलेल्या एका कृष्णविवराच्या छायेचे चित्रच जगापुढे आले. कृष्णविवर आहे, याविषयी आता वाद उरलेला नाही.

कृमिविवराचे तसे नाही. आइन्स्टाइन आणि रोझेन यांनी १९३५ मध्ये दोन अवकाशांना जोडणारा एक पूल कागदावर काढला. सफरचंदाला वळसा घालण्याऐवजी आतून पोखरून पलीकडे निघणाऱ्या किड्यावरून व्हीलर यांनी १९५७ मध्ये त्याला नाव दिले. आणि १९६२ मध्ये त्यांनीच फुलर यांच्यासमवेत दाखवून दिले की, असा पूल इतक्या झपाट्याने मिटतो की प्रकाशकिरणही पार होऊ शकत नाही. तो उघडा ठेवायचा तर ऋण ऊर्जा असलेला विलक्षण पदार्थ हवा. असा पदार्थ पुरेशा प्रमाणात कोणी पाहिलेला नाही, आणि कृमिविवरही कोणी पाहिलेले नाही.

मौज अशी की, ही ऋण ऊर्जेची अट एका कादंबरीमुळे पुढे आली. कार्ल सेगन यांनी 'काँटॅक्ट' लिहिताना नायिकेला कृष्णविवरातून पाठविले होते. प्रकाशनापूर्वी त्यांनी किप थॉर्न या भौतिकशास्त्रज्ञ मित्राचे मत मागितले. थॉर्न म्हणाले, तुमची नायिका त्यातून जिवंत निघणार नाही, कृमिविवर वापरा. कादंबरी १९८५ मध्ये निघाली, आणि त्या प्रश्नाचा पाठपुरावा करीत थॉर्न व मॉरिस यांनी १९८८ मध्ये आपला निबंध प्रसिद्ध केला. लेखकाने शास्त्रज्ञाला विचारावे आणि त्या विचारण्यातून शास्त्रालाच काम मिळावे, असे क्वचित घडते.

हेच थॉर्न पुढे ख्रिस्तोफर नोलन यांच्या 'इंटरस्टेलर'चे (२०१४) सल्लागार झाले. या चित्रपटाचे मर्म आमच्या मते अवकाशयानांत नसून एका हिशेबात आहे. गार्गांटुआ नावाच्या, दहा कोटी सूर्यांइतक्या वजनाच्या कृष्णविवराजवळ एक ग्रह आहे. गुरुत्वाकर्षण जितके प्रबळ तितका काळ संथ, हा सापेक्षतेचा नियम. त्या ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षे. हे निव्वळ कवीचे स्वातंत्र्य नव्हे. कृष्णविवर स्वतःभोवती जवळजवळ कमाल वेगाने फिरत असेल, त्या कमालीहून शंभर लाख कोटींत एका भागाइतकेच कमी, तर असे घडू शकते, हे थॉर्न यांनी गणिताने ताडून पाहिले. नायक कूपर त्या ग्रहावरून परततो तेव्हा तेवीस वर्षे सरलेली असतात. यानात साठलेले निरोप तो एकामागून एक पाहतो. मुलगा मोठा होतो, त्याचे लग्न होते, त्याला मूल होते. वडील कूपर मात्र निघाले त्याच वयाचे आहेत, आणि रडत आहेत. आमच्या धर्मग्रामात जहाजावर आणि आखातात नोकरी केलेले अनेक बाप आहेत. त्यांना या दृश्याची फोड करून सांगावी लागत नाही. येथे नियम कथेच्या आड येत नाही. नियम आहे म्हणूनच दुःख खरे आहे, आणि कूपरला पैसा न् पैसा चुकवावा लागतो.

तरी इथेही एक तडजोड आहे. फिरत्या तबकडीची आपल्याकडे येणारी बाजू अधिक तेजस्वी दिसावयास हवी. प्रेक्षक गोंधळेल म्हणून दिग्दर्शकांनी ते टाळले, आणि पडद्यावरच्या चित्रासाठी कृष्णविवराचा वेगही कमाल वेगाच्या साठ टक्क्यांवर आणला. २०१९ च्या खऱ्या चित्रात कडे एका बाजूला उजळ आहे. ही तडजोड आम्हाला क्षम्य वाटते, कारण तिच्यावर कथा उभी नाही.

क्षम्य वाटत नाही तो शेवट. कूपर कृष्णविवरात कोसळतो आणि मरण्याऐवजी आपल्या मुलीच्या पुस्तकांच्या कपाटामागे पोहोचतो. शनीजवळ कृमिविवर कोणी ठेवले? भविष्यातील मानवांनी. ते मानव वाचले कसे? त्या कृमिविवरामुळे. देणगी आहे, पण दाता शोधू गेलो तर घेणाराच सापडतो. त्याहून मोठी खंत वेगळी आहे. शास्त्रज्ञ ब्रँड सांगते की, प्रेम हे काळ आणि अवकाश ओलांडणारे काहीतरी आहे. आणि कथानक तिच्या बाजूने निकाल देते. ज्या ग्रहाकडे तिचे प्रेम ओढते तोच राहण्याजोगा निघतो. धर्मगुरूला हे ऐकून आनंद व्हावा अशी अपेक्षा असेल. आम्हाला झाला नाही. प्रेम जर होकायंत्रासारखे दिशा दाखवू लागले, तर त्यात निष्ठा कसली? संत पौलाने करिंथकरांस जी प्रीती शिकविली ती सोसणारी आहे. चित्रपटातही ती तेवीस वर्षांच्या निरोपांत होती. कपाटामागे तिचे यंत्र झाले.

'काँटॅक्ट' या १९९७ च्या चित्रपटात कृमिविवर तितकेच काल्पनिक आहे, पण ते फुकट मिळत नाही. एली अठरा तास प्रवास करून येते; पृथ्वीवर क्षणही गेलेला नाही, हाती पुरावा नाही. आयुष्यभर पुरावा मागणाऱ्या या स्त्रीला चौकशी समितीपुढे केवळ आपल्या शब्दावर उभे राहावे लागते. लेखक अश्रद्ध असूनही श्रद्धेची अडचण त्याने आमच्या पुष्कळ प्रवचनकारांहून नेमकी ओळखली आहे.

मराठी वाचकाला ही शिस्त परकी नाही. जयंत नारळीकर यांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा 'नारायण विनायक जगताप' या नावाने पाठविली आणि पहिले पारितोषिक मिळविले. आपल्या कीर्तीची भर कथेच्या पारड्यात त्यांनी पडू दिली नाही. २० मे २०२५ रोजी ते निवर्तले.

आता त्या प्रवचनाकडे. २२ नोव्हेंबर १९५१ रोजी पोप बारावे पायस यांनी विश्वारंभाच्या नव्या सिद्धांताचा संबंध उत्पत्तीशी जोडला, तेव्हा त्या सिद्धांताचे जनक लमेत्र स्वतः अस्वस्थ झाले. व्हॅटिकन वेधशाळेचे येशूसंघीय संचालक फादर ओ'कॉनेल यांच्यामार्फत त्यांनी आपली चिंता कळविली. १९५२ च्या खगोलज्ञांपुढील भाषणात पोपमहोदयांनी तो दावा पुन्हा केला नाही. जो सिद्धांत उद्या बदलू शकतो त्यावर श्रद्धेचा खांब रोवू नये, एवढेच त्या धर्मगुरूला म्हणावयाचे होते. आणि कृमिविवर हा तर अजून सिद्धांताचाही अर्धा कच्चा कोपरा. संत योहानाने त्या खोलीची दारे बंद होती असे लिहिले. येशू कसा आला ते लिहिले नाही. त्याने शिष्यांना दाखविल्या त्या जखमा.

त्या मुलीला आम्ही नारळीकरांचा 'यक्षांची देणगी' हा संग्रह दिला आहे. 'कृष्णविवर' त्यातच आहे. पुढच्या महिन्यात युवक मंडळासाठी 'काँटॅक्ट' दाखवू. प्रवचनकारांनाही निमंत्रण पाठविले आहे. ते येतो म्हणाले आहेत.