बोनारचें न्हाणीघर

पिएर बोनार ह्या फ्रेंच चित्रकाराला घरगुती सुखाचा चित्रकार म्हणून मोकळें होण्याची रीत पडली आहे. न्याहारीचें मेज, उघडी खिडकी, मांजर, टबांत पहुडलेली पत्नी, विषय एवढेच. १९४७ सालीं तो निवर्तल्यावर, तो खरोखरी थोर होता काय, असा प्रश्न ‘काइये दार’ ह्या कलाविषयक पत्राच्या संपादकानें जाहीरपणें विचारला. मातीसनें संतापून त्या अंकाच्या आपल्या प्रतीवरच बोनारच्या थोरवीची ग्वाही लिहून ठेवली. मातीसचा पक्ष आम्हांस मान्य आहे. मात्र बोनारची स्तुति ज्या सुखासाठीं होते, तें कारण आम्हांस अपुरें वाटतें.

बोनार सहसा वस्तु समोर ठेवून रंगवीत नसे. खिशांतल्या लहानशा रोजनिशींत तो त्या दिवसाची हवा एकदोन शब्दांत टिपून ठेवी, पेन्सिलीनें चार रेघा ओढी, आणि मग भिंतीवर टाचलेल्या, चौकट नसलेल्या कापडावर आठवणीनें चित्र उभें करी. कित्येक चित्रें वर्षानुवर्षें चालत. टबांतील नग्न स्त्री व लहान कुत्रें हें चित्र त्यानें १९४१ मध्यें आरंभिलें आणि १९४६ मध्यें संपविलें. दक्षिण फ्रान्समधील ल कॅने येथील त्याच्या घराचें हें न्हाणीघर. वस्तुतः लहानसें, साधें. चित्रांत मात्र भिंतीवरून जांभळा नि सोनेरी प्रकाश ओघळतो, टबाची कड लवते, आणि पाण्याखालीं पत्नी मार्तचा देह रंगांत विरघळूं पाहतो. फरशीवरचें कुत्रें तेवढें तपकिरी, ठाशीव.

जानेवारी १९४२ मध्यें मार्त वारली. म्हणजे चित्र चालू होतें त्यांतला बहुतेक काळ टब रिकामाच होता. मृत्युसमयीं ती ७२ वर्षांची होती. चित्रांतली तरुणच आहे, १८९३ सालीं पॅरिसमध्यें त्याला प्रथम भेटली तशी. येथें एक शंका मनांत आल्यावांचून राहत नाहीं. वृद्ध, आजारी स्त्रीला अशी तरुण करून ठेवणें हा तिच्यावर अन्यायच नव्हे काय ? जवळजवळ पन्नास वर्षांच्या सहवासांत जिच्या सुरकुत्या चित्रकाराला दिसल्याच नाहींत, ती त्याला दिसली तरी काय ?

शंका पोकळ नाहीं, आणि तिचें पुरें निरसन आमच्याजवळ नाहीं. परंतु तुळशीला पाणी घालणारी आई आठवतांना ती कोणत्या वर्षाची आई, हें आपल्यालाही सांगतां येत नाहीं. सहस्र वेळां घडलेली कृति स्मरणांत एकच होऊन राहते. तिला तिथिवार उरत नाहीं. बोनारनें रंगविलें तें हें रोजचें स्नान. काळाची झीज त्यानें लपविलेली नाहीं. ती कातडीवर न दाखवितां त्यानें देहाची कडच ढासळूं दिली आहे. सुख म्हणून हें चित्र पाहणाऱ्यांनीं त्या पुसट चेहऱ्याकडे थोडें अधिक थांबून पाहावें.

चित्र अमेरिकेंत पिट्सबर्गच्या कार्नेगी कलासंग्रहालयांत आहे. आपल्याकडील बहुतेकांस तें छापील प्रतीवरच पाहावें लागणार, आणि मुद्रणांत जांभळा रंग हटकून मळतो. तेव्हां पाहतांना कुत्र्यापासून आरंभ करून, फरशीच्या चौकोनांवरून हळूहळू पाण्याकडे जावें.