सेवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे मापन : अधिकृत आकडेवारीची एक चिकित्सा
विशेष संदर्भ : हिंगोली जिल्हा

प्रस्तावना

भारताच्या विदेश व्यापाराचे स्वरूप गेल्या तीन दशकांत पालटले आहे. २०२३-२४ या आर्थिक वर्षात भारताची वस्तूंची निर्यात सुमारे ४३७ अब्ज डॉलर, तर सेवांची निर्यात सुमारे ३४१ अब्ज डॉलर होती. एकेकाळी 'अदृश्य व्यापार' म्हणून पाठ्यपुस्तकाच्या एका परिच्छेदात आटोपणारा हा विषय आज व्यवहारतोलाचा कणा झाला आहे. आपण वर्गात हे आकडे विद्यार्थ्यांना सांगतो. ते कसे तयार होतात याची चिकित्सा मात्र क्वचितच होते. प्रस्तुत लेखात ही चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. लेखाचे प्रतिपादन असे की, आपली अधिकृत आकडेवारी प्रामुख्याने सेवेचे मोबदले मोजते, प्रत्यक्ष सेवा मोजत नाही. जेथे सेवा आणि मोबदला यांची जागा, वेळ किंवा स्वरूप वेगळे असते तेथे ही मोजणी तोकडी पडते. राष्ट्रीय एकूण बेरजेत हा तोकडेपणा झाकला जातो. हिंगोलीसारख्या जिल्ह्याच्या पातळीवर मात्र तो उघडा पडतो.

संकल्पनात्मक चौकट

वस्तू सीमा ओलांडते तेव्हा सीमाशुल्क खात्यासमोर येते. शिपिंग बिल भरले जाते, वजन व किंमत नोंदविली जाते. सेवेला असा नाका नसतो. म्हणूनच १ जानेवारी १९९५ पासून अमलात आलेल्या सेवा व्यापारविषयक सर्वसाधारण कराराने, म्हणजेच 'गॅट्स'ने, सेवापुरवठ्याचे चार प्रकार मानले. पहिल्या प्रकारात सेवा सीमापार जाते, जसे हैदराबादेतून अमेरिकेला पाठविलेली संगणक प्रणाली. दुसऱ्यात ग्राहक पुरवठादाराच्या देशात येतो, जसे पर्यटक किंवा रुग्ण. तिसऱ्यात पुरवठादार विदेशात शाखा उघडतो आणि चौथ्यात सेवा देणारी व्यक्ती तात्पुरती विदेशात जाते.

आंतरराष्ट्रीय नाणेनिधीची व्यवहारतोल मार्गदर्शिका मात्र वेगळ्या तत्त्वावर उभी आहे. तिची कसोटी निवासी आणि अनिवासी यांच्यातील व्यवहार ही होय. १९९३ ची पाचवी, २००९ ची सहावी आणि २०२५ ची सातवी आवृत्ती या तिन्हींत हे तत्त्व कायम आहे. विदेशातील शाखेने तेथील ग्राहकाला केलेली विक्री 'गॅट्स'च्या दृष्टीने सेवा व्यापार ठरते. व्यवहारतोलाच्या दृष्टीने ती दोन स्थानिक निवासींमधील विक्री असते आणि मोजणीबाहेर राहते. हा सांधा जुळविण्यासाठी संयुक्त राष्ट्रसंघ, नाणेनिधी, जागतिक व्यापार संघटना आदी संस्थांनी २००२ मध्ये सेवा व्यापार सांख्यिकीची संयुक्त नियमपुस्तिका प्रसिद्ध केली व २०१० मध्ये तिची सुधारित आवृत्ती काढली. तरीही कराराची भाषा आणि हिशेबाची भाषा यांतील अंतर पूर्णपणे मिटलेले नाही.

भारतातील मोजणीची पद्धत

भारतात वस्तू व्यापाराची आकडेवारी कोलकाता येथील वाणिज्यिक माहिती व सांख्यिकी महासंचालनालय तयार करते, तर सेवा व्यापाराची आकडेवारी रिझर्व्ह बँक व्यवहारतोलाचा भाग म्हणून देते. तिचा मुख्य आधार म्हणजे परकीय चलनाचे व्यवहार करण्यास अधिकृत असलेल्या बँकांची पाक्षिक विवरणपत्रे. प्रत्येक व्यवहाराला एक उद्देश संकेतांक दिला जातो. सॉफ्टवेअर सल्ल्याचा वेगळा, विदेशातील शिक्षणाचा वेगळा, कुटुंबनिर्वाहासाठी आलेल्या रकमेचा वेगळा. या संकेतांकांच्या बेरजेतून सेवांचे वर्गीकरण उभे राहते. याच्या जोडीला सॉफ्टवेअर निर्यातदारांना 'सॉफ्टेक्स' घोषणापत्र द्यावे लागते आणि रिझर्व्ह बँक २००२-०३ पासून संगणक सॉफ्टवेअर व माहिती तंत्रज्ञानाधारित सेवांच्या निर्यातीचे सर्वेक्षण करते. या सर्वेक्षणात चारही पुरवठा प्रकारांचा विचार केला जातो, ही निश्चितच जमेची बाजू होय.

या पद्धतीचा उगम परकीय चलन नियंत्रणाच्या काळातला आहे. १९७३ च्या कायद्यात प्रत्येक डॉलरवर पहारा होता. आकडेवारी हे त्या पहाऱ्याचे उपफल होते. १ जून २००० पासून परकीय चलन व्यवस्थापन कायदा लागू झाला, नियंत्रण सैल झाले, आणि मोजणीचे साधन मात्र मुळात तेच राहिले. नियंत्रणासाठी घडविलेले साधन मापनासाठी वापरताना त्याच्या मर्यादा जाणून घेणे आवश्यक ठरते. बँकेला रक्कम दिसते. काम कोणी केले, कोठे केले, किती दिवसांत केले हे दिसत नाही. संकेतांकही ग्राहकाच्या सांगण्यावरून व बँक कर्मचाऱ्याच्या समजुतीनुसार ठरतो.

आरशातील तफावत

एका देशाची निर्यात ही दुसऱ्या देशाची आयात असते. म्हणून दोन्ही देशांचे आकडे समोरासमोर ठेवणे ही आकडेवारीची साधी व कठोर परीक्षा होय. अमेरिकी काँग्रेससाठी काम करणाऱ्या गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसने ऑक्टोबर २००५ मध्ये ही परीक्षा घेतली. २००३ या वर्षी भारतातून झालेली व्यावसायिक व तांत्रिक सेवांची आयात अमेरिकेच्या आकडेवारीत सुमारे ४२ कोटी डॉलर होती. तत्सम सेवांची अमेरिकेला झालेली निर्यात भारताच्या आकडेवारीत सुमारे ८७० कोटी डॉलर होती. ही तफावत वीसपटीची आहे.

यात कोणी आकडे फुगविले असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे ठरेल. अहवालाने दाखविलेली कारणे व्याख्येची व पद्धतीची होती. अमेरिकेत तात्पुरते काम करणाऱ्या भारतीय तंत्रज्ञांची कमाई भारत निर्यातीत धरत होता. अमेरिका त्यातील बराचसा भाग सेवा आयात मानत नव्हती. एकाच उद्योगसमूहातील कंपन्यांमधील व्यवहार अमेरिकेच्या त्या देशनिहाय आकड्यात येत नव्हते. संगणकात अंतर्भूत असलेल्या सॉफ्टवेअरचा हिशेबही दोन्हीकडे निराळा होता. थोडक्यात, एकच काम दोन देशांच्या वहीत दोन वेगवेगळ्या नावांनी लिहिले गेले, किंवा एका वहीत लिहिलेच गेले नाही. हे उदाहरण जुने असले तरी त्याचा धडा आजही लागू पडतो: सेवा व्यापाराचा आकडा व्याख्येवाचून वाचता येत नाही.

हिंगोलीतून पाहताना

१ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झालेला हिंगोली जिल्हा २०११ च्या जनगणनेनुसार ११,७७,३४५ लोकसंख्येचा, पाच तालुक्यांचा व प्रामुख्याने शेतीप्रधान जिल्हा आहे. निर्यातीचा विषय निघाला की येथे वसमतच्या हळदीचे नाव येते. २०२४ मध्ये वसमत हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. १५ फेब्रुवारी २०२० पासून शिपिंग बिलावर मालाच्या उगमाचे राज्य व जिल्हा लिहिणे बंधनकारक झाले आहे. निर्यातदार मुंबईचा असला तरी हळद कोणत्या जिल्ह्याची हे सांगण्याची सोय त्यामुळे झाली. सेवांसाठी अशी कोणतीही सोय नाही. याचे परिणाम तीन उदाहरणांतून पाहता येतील.

पहिले उदाहरण श्रमाचे. कळमनुरी तालुक्यातील एखादा तंत्रज्ञ दुबईतील कंपनीत आठ महिने नोकरी करून परतला, तर त्याची कमाई व्यवहारतोलात 'कर्मचाऱ्यांचा मोबदला' ठरते. तोच दोन वर्षे तेथे राहिला, तर तो तेथील निवासी होतो आणि त्याने घरी पाठविलेली रक्कम 'वैयक्तिक हस्तांतरण' ठरते. त्याला भारतीय कंपनीने ठरावीक कामासाठी पाठविले असेल, तर तेच श्रम 'सेवा निर्यात' होतात. माणूस तोच, कौशल्य तेच, घरी येणारा पैसाही तोच. तरी वहीतील रकाने तीन. तत्त्वतः हा भेद योग्य आहे. परंतु बँकेच्या खिडकीवर तीनही रकमांना 'कुटुंबनिर्वाह' हा एकच संकेतांक मिळण्याची शक्यता मोठी असते.

दुसरे उदाहरण ज्ञानाचे. औंढा नागनाथ तालुक्यातील दुधाळा परिसरात 'लायगो-इंडिया' ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्याच्या प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपये खर्चासह मंजुरी दिली. वेधशाळेची काही महत्त्वाची उपकरणे अमेरिकेतील लायगो प्रयोगशाळेकडून मिळावयाची आहेत. उपकरण बंदरावर उतरते तेव्हा मोफत असले तरी सीमाशुल्काच्या कागदावर त्याचे मूल्य येते. उपकरणासोबत येणारे आराखडे, मार्गदर्शन व प्रशिक्षण या सेवा होत. त्या विनामूल्य दिल्या गेल्या तर व्यवहारतोलाच्या नियमाप्रमाणे त्यांचे मूल्य अंदाजून सेवा आयात आणि समान रकमेचे हस्तांतरण अशी दुहेरी नोंद व्हावयास हवी. परंतु बँकेतून रक्कमच गेली नाही, तर बँकेचे विवरणपत्र काय सांगणार? जिल्ह्याच्या इतिहासातील सर्वांत मोठा ज्ञानव्यवहार मोबदल्यावर आधारलेल्या मोजणीत अदृश्य राहू शकतो.

तिसरे उदाहरण सुशिक्षित तरुणांचे. आपल्या महाविद्यालयांतून पदवी घेतलेला तरुण पुण्यातील कंपनीत लागतो आणि विदेशी ग्राहकाचे काम करतो. जुलै २०२२ मध्ये विशेष आर्थिक क्षेत्रांच्या नियमावलीत ४३-अ हा नियम समाविष्ट होऊन घरून काम करण्यास अधिकृत चौकट मिळाली. असा तरुण सेनगावातील घरी बसून काम करीत असला, तरी निर्यातीची नोंद कंपनीच्या कार्यालयाच्या पत्त्यावर होते. जो तरुण स्वतंत्रपणे विदेशी ग्राहकाचे अनुवादाचे, आरेखनाचे वा लेखांकनाचे काम करतो, त्याची लहानशी रक्कम मध्यस्थ कंपनीमार्फत इतर शेकडो रकमांसोबत येते. हळदीच्या पोत्याला जिल्हा आहे. या तरुणाच्या कामाला नाही.

या अभावाचे धोरणात्मक मोल

हा केवळ सांख्यिकीचा काथ्याकूट नव्हे. 'जिल्हा हे निर्यात केंद्र' या उपक्रमात प्रत्येक जिल्ह्याने निर्यातक्षम वस्तू व सेवा निश्चित करून कृती आराखडा तयार करणे अपेक्षित आहे आणि त्यासाठी जिल्हा निर्यात प्रोत्साहन समित्या स्थापन झाल्या आहेत. आराखड्यात 'सेवा' हा शब्द आहे, परंतु त्यामागे आकडा नाही. अर्थ व सांख्यिकी संचालनालयाच्या जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचनात पिके, पशुधन, पर्जन्यमान, बँका, शाळा यांचे तक्ते असतात. सेवा निर्यातीचा तक्ता नसतो. जे मोजले जात नाही त्यासाठी निधी मागता येत नाही. परिणामी हळद साठवणुकीच्या गोदामाची मागणी आकड्यानिशी मांडता येते. अखंडित इंटरनेट, भाषा प्रशिक्षण किंवा विदेशी व्यवहार हाताळणारी बँक शाखा यांची मागणी केवळ अनुभवाच्या बळावर करावी लागते.

संभाव्य आक्षेप

व्यवहारतोल ही राष्ट्राची संकल्पना आहे, जिल्ह्याची नव्हे, असा आक्षेप येथे घेता येईल. तो रास्त आहे. निवासी-अनिवासी ही कसोटी देशाच्या सीमेवर चालते. हिंगोली आणि पुणे यांच्यामधील व्यवहार तिच्या कक्षेत येत नाही. शिवाय लहान जिल्ह्यात दोनचारच निर्यातदार असतील तर आकडा प्रसिद्ध करताना त्यांची गोपनीयता धोक्यात येते. या मर्यादा मान्य करूनही असे म्हणता येते की, वस्तूंच्या बाबतीत हीच अडचण होती आणि तरीही उगम जिल्ह्याचा रकाना सुरू करण्यात आला. सेवांसाठी पूर्ण जिल्हानिहाय व्यवहारतोल कोणी मागत नाही. अपेक्षा आहे ती सूचक आकडेवारीची.

उपाययोजना

नवे यंत्र उभारण्यापूर्वी हाती असलेल्या साधनांचा वापर व्हावा. पहिले साधन वस्तू व सेवा कराचे. सेवांची निर्यात करणारा नोंदणीकृत पुरवठादार विवरणपत्रात ती स्वतंत्रपणे दाखवितो आणि नोंदणीत व्यवसायाचा पत्ता असतो. त्यावरून जिल्हानिहाय गोषवारा निघू शकतो. मात्र वार्षिक २० लाख रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या सेवा पुरवठादारांना नोंदणीतून सूट असल्याने आपला स्वतंत्रपणे काम करणारा तरुण त्यातही सापडणार नाही. त्यासाठी दुसरे साधन म्हणजे असंघटित उद्यमांचे वार्षिक राष्ट्रीय सर्वेक्षण. जानेवारी २०२५ पासून राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणांच्या आराखड्यात जिल्हा हा मूलभूत स्तर धरण्यात आला आहे. या सर्वेक्षणात विदेशी ग्राहकाकडून मिळालेल्या उत्पन्नाचा एक नेमका प्रश्न असणे उपयुक्त ठरेल. तिसरे, बँकांच्या विवरणपत्रात लाभार्थ्याच्या पत्त्याचा पिनकोड घेतल्यास श्रमाच्या कमाईचेही भौगोलिक चित्र मिळेल.

चौथी सूचना महाविद्यालयांसाठी आहे. वाणिज्य व अर्थशास्त्र विभागांनी आपल्या माजी विद्यार्थ्यांची एक साधी नोंद ठेवावी: ते कोणते काम करतात, ग्राहक कोणत्या देशातील आहे, मोबदला कोणत्या मार्गाने येतो. नावे न देता केलेली अशी गावनिहाय पाहणी अधिकृत आकडेवारीची जागा घेणार नाही. ती कोठे अपुरी पडते हे मात्र जिल्हा समितीला दाखवू शकेल.

समारोप

सेवा व्यापाराची भारतीय आकडेवारी निरुपयोगी आहे असे या विवेचनातून सुचवावयाचे नाही. रिझर्व्ह बँक दरमहा सेवा व्यापाराचे आकडे प्रसिद्ध करते आणि सॉफ्टवेअर सर्वेक्षणातून चारही पुरवठा प्रकारांचा वेध घेते, हे काम मोलाचे आहे. तथापि ही आकडेवारी मोबदल्याच्या वाटेने सेवेपर्यंत पोहोचते, आणि ती वाट मुंबई, पुणे, बंगळूरू या शहरांतून जाते. ज्या जिल्ह्यांतून श्रम व कौशल्य निघते ते जिल्हे वाटेवरच गळून पडतात. हिंगोलीच्या निर्यातीची ओळख केवळ हळदीवर थांबू द्यायची नसेल, तर येथील माणसाच्या कामालाही उगम जिल्ह्याचा रकाना मिळणे गरजेचे आहे.