बैठकीला जे नव्हते, त्यांची पेन्शन

मंडळी, विषय जुन्या पेन्शनचा आहे, त्यामुळे आधीच सांगून टाकतो. आम्ही संपाच्या बाजूचे आहोत. तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाचं म्हातारपण शेअर बाजाराच्या चढउतारावर टांगलेलं असू नये, हे आम्हाला मान्य आहे. आज जी टीका करणार आहोत ती घरातली टीका आहे. घरातली असली की ती जरा जास्त लागते, त्याला इलाज नाही.

14 मार्च 2023 ला महाराष्ट्रातले सरकारी कर्मचारी आणि शिक्षक संपावर गेले. 'एकच मिशन, जुनी पेन्शन' ही घोषणा तालुक्यातालुक्यात घुमली. आणि 20 तारखेला मुख्यमंत्र्यांशी चर्चा होऊन संप मिटला. हातात काय आलं? निवृत्त सनदी अधिकाऱ्यांची समिती आणि आश्वासन. त्यानंतर कार्यकर्त्यांमध्ये एकच चर्चा होती, 'नेत्यांनी कच खाल्ली.' आम्हाला हे उत्तर फार सोपं वाटतं.

त्या आठवड्यात बाहेर काय चाललं होतं ते आठवा. अवकाळी पाऊस, गारपीट. गहू आडवा झालेला, द्राक्षाचे घड मातीत. आणि पंचनामा करणारा तलाठी संपावर. शेतकऱ्याला पेन्शन नाही, जुनीही नाही आणि नवीही नाही. त्यानं या घोषणेकडे कोणत्या नजरेनं पाहावं? दुसरीकडे 'आम्ही निम्म्या पगारात काम करतो' म्हणत बेरोजगार पोरं रस्त्यावर आली. त्यांना सरकारनं फूस लावली असं म्हणणं सोयीचं आहे. पण भरतीच निघत नसेल, तर त्या पोरांना दुसऱ्याच्या पेन्शनचं दुःख का व्हावं?

सरकारची बाजू पैशाची होती. डिसेंबर 2022 मध्ये नागपूर अधिवेशनात फडणवीसांनी सांगितलं होतं, जुनी पेन्शन दिली तर 1 लाख 10 हजार कोटींचा बोजा पडेल. या आकड्यावर वाद घालता येतो, घालावाही. पण आमचा मुद्दा वेगळा आहे.

मुद्दा तारखेचा आहे. 1 नोव्हेंबर 2005. त्या दिवसापासून महाराष्ट्रात जो सेवेत येईल त्याला जुनी पेन्शन नाही, त्याला अंशदान योजना. पगारातून दहा टक्के कापायचे, सरकारनं आपला वाटा घालायचा आणि शेवटी बाजार देईल ते घ्यायचं. आधीच्यांना शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी रक्कम, वर महागाईची वाढ. आता मला सांगा, 2005 साली संघटनेच्या बैठकीत बसलेल्यांपैकी कुणाचं नुकसान झालं? कुणाचंच नाही. ज्याचं नुकसान होणार होतं तो तेव्हा शाळेत होता, नाहीतर एमपीएससीचा अभ्यास करत होता. विरोध अजिबात झाला नाही असं नाही. डाव्या संघटनांनी केला, पश्चिम बंगालनं नवी योजना घेतलीच नाही, पेन्शन प्राधिकरणाचा कायदा व्हायला 2013 उजाडलं. पण महाराष्ट्रात 2023 सारखा संप तेव्हा झाला नाही. जे बैठकीला नव्हते त्यांच्या नावावर सौदा झाला, आणि ते मोठे होऊन, नोकरीत रुळून, संघटनेत बहुसंख्य होईपर्यंत सतरा वर्षं गेली.

हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. आपला संप चालू होता त्याच आठवड्यात फ्रान्स पेटला होता. मॅक्राँ सरकारनं निवृत्तीचं वय 62 वरून 64 करायचं ठरवलं. तिथे आठही प्रमुख संघटना एकत्र आल्या, एकमेकींचं तोंड न पाहणाऱ्यासुद्धा. 7 मार्चला सरकारच्याच मोजणीनं जवळपास तेरा लाख लोक रस्त्यावर होते. का? कारण सप्टेंबर 1961 नंतर जन्मलेल्या प्रत्येकाला तो कायदा लागणार होता. दुकानातली बाई, कारखान्यातला माणूस, शिक्षक, सगळ्यांना. 16 तारखेला सरकारनं मतदान टाळून घटनेच्या कलम 49.3 खाली विधेयक रेटलं. 20 मार्चला, म्हणजे आपला संप मिटला त्याच दिवशी, अविश्वास ठराव अवघ्या नऊ मतांनी पडला. कायदा झाला, पण लोकांचा राग शमला नाही. ऑक्टोबर 2025 मध्ये पंतप्रधान लेकोर्नू यांना त्याच सुधारणेला स्थगिती जाहीर करावी लागली.

पण गंमत पाहा. त्याच कायद्यात आणखी एक कलम होतं. पॅरिस मेट्रो, वीज आणि गॅस उद्योग यांच्यातली खास पेन्शन बंद, फक्त नव्यानं भरती होणाऱ्यांसाठी. फलकांवर आकडा मात्र 64 चाच होता. नवा माणूस तिथेही बैठकीला नव्हता.

आता आपल्याकडे परत येऊ. मार्च 2023 मध्येच, संपाच्या गदारोळात, नऊ खासगी एजन्सींमार्फत सरकारी कामाला माणसं पुरवण्याचा शासन निर्णय निघाला. पुढे ऑक्टोबरमध्ये कंत्राटी भरतीचा निर्णय रद्द करावा लागला, पण तो रेटा तरुणांचा आणि विरोधी पक्षांचा. पेन्शनच्या आंदोलनानं तो आपला मुख्य मुद्दा केला नाही. आम्हाला ही 2005 चीच चूक वाटते, फक्त यावेळी डोळ्यांदेखत झालेली. 2005 ला निदान माणूस दिसत नव्हता. आता तो शेजारच्या टेबलावर बसलाय, तेच काम करतोय.

आणि खासगी क्षेत्रातले निवृत्त? ईपीएस-95 ची किमान पेन्शन 2014 पासून महिना 1,000 रुपये आहे. ते म्हातारे लोक बुलढाण्यात वर्षानुवर्षं साखळी उपोषणाला बसले. त्यांच्या मंडपात किती सरकारी संघटना गेल्या, हा प्रश्न आम्ही कुत्सितपणे विचारत नाही, खरंच विचारतोय.

ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रानं एकीकृत पेन्शन योजना आणली, राज्य मंत्रिमंडळानं लगेच दुसऱ्या दिवशी तिला मान्यता दिली. काहींनी पेढे वाटले, काहींनी फसवणूक म्हटलं. त्यात निम्म्या पगाराची पूर्ण हमी मिळवायला पंचवीस वर्षांची सेवा लागते. अकरा-अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर काम करणाऱ्याची अशी सेवा कुठल्या दिवसापासून मोजायची, हे एकाही मागणीपत्रात आम्हाला वाचायला मिळालेलं नाही. कुणाकडे असेल तर प्रश्नोत्तरांच्या वेळी जरूर दाखवा.