‘सवलत’ या शब्दाची चिकित्सा : महाविद्यालयात प्रथम प्रवेश घेणारा दिव्यांग विद्यार्थी

प्रस्तावना

महाविद्यालयाचे माहितीपत्रक हा सहसा समीक्षेचा विषय होत नाही. तथापि बारावी उत्तीर्ण होऊन प्रथम वर्षात येणारा विद्यार्थी महाविद्यालयाचे जे पहिले पान वाचतो, ते याच पुस्तिकेचे असते. दिव्यांग विद्यार्थ्यांविषयी त्यात बहुधा एकच वाक्य आढळते व त्याचा आशय ‘शासन नियमानुसार सवलत मिळेल’ एवढाच असतो. प्रस्तुत लेखात या वाक्यातील ‘सवलत’ या शब्दाची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. हा प्रश्न केवळ शब्दनिवडीचा नाही. ज्या शब्दाने आपण विद्यार्थ्याचे स्वागत करतो, त्याच शब्दाने आपण त्याचे स्थानही ठरवीत असतो.

शब्दाचा संकोच

‘सवलत’ हा शब्द अरबी ‘सहूलत’ या शब्दापासून आला असून त्याचा मूळ अर्थ सुलभता असा आहे. मराठीत मात्र या शब्दाला सूट, माफी, मेहेरबानी अशी छटा प्राप्त झाली. एस. टी. च्या भाड्यात दिव्यांग प्रवाशाला मिळणारी 75 टक्के सूट ही खऱ्या अर्थाने सवलत होय, कारण तेथे देणारा आपल्या उत्पन्नाचा काही भाग सोडतो. परंतु अंध विद्यार्थ्याला मिळणारा लेखनिक, श्रवणदोष असलेल्या विद्यार्थ्याला मिळणारी लिखित टिपणे किंवा चाकाची खुर्ची वापरणाऱ्या विद्यार्थ्यासाठी तळमजल्यावर आणलेला वर्ग यांत कोणी काहीच सोडत नाही. इतरांना जे आपोआप मिळते, ते त्यालाही मिळावे एवढीच ही व्यवस्था असते. या दोन भिन्न गोष्टींना एकच नाव दिल्यामुळे दुसरी गोष्टही उपकाराच्या खात्यात जमा झाली.

कायद्याची भाषा

1995 च्या अपंग व्यक्ती अधिनियमात सात प्रकारच्या अपंगत्वाची नोंद होती आणि शिक्षणसंस्थांत 3 टक्के जागा राखून ठेवण्याची तरतूद होती. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने हे प्रकार 21 केले, शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांतील राखीव जागा किमान 5 टक्के केल्या आणि प्रवेशासाठी कमाल वयोमर्यादेत पाच वर्षांची शिथिलता दिली. तथापि या अधिनियमाचे खरे वैशिष्ट्य आकड्यांत नाही. ज्या संकल्पनेला मराठीत ‘वाजवी समायोजन’ म्हणता येईल, तिची व्याख्या या कायद्याने केली आणि असे समायोजन नाकारणे हा भेदभाव ठरविला. येथे भाषेची दिशाच बदलते. सवलत न दिल्यास देणारा फार तर अनुदार ठरतो. समायोजन नाकारणारा मात्र कायद्याने दोषी ठरतो.

या व्याख्येतही एक फट आहे. संस्थेवर अवाजवी भार पडू नये, अशी मर्यादा कायद्याने घातली आहे. निधीची चणचण असलेली महाविद्यालये या मर्यादेचा आधार घेऊ शकतात. परंतु भार अवाजवी आहे की नाही, हे त्या त्या प्रकरणात तपासून ठरवावयाचे असते. ते आधीच गृहीत धरता येत नाही. पहिल्या मजल्यावरील तासिका खाली आणण्यास वेळापत्रकातील एक फेरबदल पुरतो.

टक्केवारीचा पेच

प्रमाणपत्रावरील टक्केवारी हाच विद्यार्थ्याचा परिचय मानला की काय घडते, हे ओंकार गोंड यांच्या प्रकरणात दिसून आले. मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या या विद्यार्थ्याला वाचा व भाषाविषयक दिव्यांगत्व होते. राखीव जागेसाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्व आवश्यक होते. त्याच वेळी वैद्यकीय शिक्षणाच्या नियमावलीनुसार त्याच्या प्रकारात 40 टक्क्यांमुळेच तो अपात्र ठरत होता. ज्या आकड्याने दार उघडावयाचे, त्याच आकड्याने ते बंद केले. न्यायालयाने 18 सप्टेंबर 2024 रोजी प्रवेशाचा आदेश दिला. 15 ऑक्टोबर 2024 रोजी दिलेल्या सविस्तर निकालात केवळ टक्केवारीवरून कोणी अपात्र ठरत नाही आणि तो अभ्यासक्रम पूर्ण करू शकेल की नाही याचे प्रत्यक्ष मूल्यमापन झाले पाहिजे, असे स्पष्ट केले. त्यापूर्वी 11 फेब्रुवारी 2021 रोजी विकास कुमार प्रकरणात न्यायालयाने 40 टक्क्यांचे प्रमाणपत्र नसलेल्या परीक्षार्थीचाही लेखनिकावरील हक्क मान्य केला होता. दोन्ही निकालांचा मथितार्थ एकच : आकडा पाहू नका, माणसाची गरज पाहा.

वाशिमचा संदर्भ

1 जुलै 1998 रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या वाशिम जिल्ह्याचा समावेश 2018 मध्ये आकांक्षित जिल्ह्यांत झाला. 9 ऑक्टोबर 2024 रोजी, म्हणजे गोंड प्रकरणातील सविस्तर निकालापूर्वी सहाच दिवस, येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्‌घाटन झाले. त्यामुळे हा निकाल आता आपल्या दाराशी आला आहे.

मानोरा तालुक्यातील एखाद्या तांड्यावरून कला शाखेत येणारी अल्पदृष्टी विद्यार्थिनी डोळ्यांसमोर आणावी. प्रवेशाच्या दिवशी तिच्याकडून प्रमाणपत्राची छायाप्रत घेतली जाते. तिला फळा दिसतो का, हे मात्र कोणी विचारीत नाही. लेखनिकाचा विषय परीक्षा अर्ज भरताना निघतो. तोपर्यंत अर्धे सत्र उलटलेले असते. परीक्षेत तासाला किमान 20 मिनिटे जादा वेळ देण्याची सूचना केंद्र शासनाने 2018 मध्ये केली. पण जी वर्गात ऐकूनच शिकली आणि जिला वाचावयास मोठ्या अक्षरातील एकही पान मिळाले नाही, ती त्या जादा वेळात लिहिणार काय? नॅकच्या मूल्यांकनातही उताराच्या वाटेसोबत वाचक, लेखनिक व वाचनसाहित्याच्या संगणकीय प्रती यांची विचारणा होत आली. उताराच्या वाटेचे छायाचित्र अहवालात सहज जोडता येते. फळ्यावर लिहिलेले मोठ्याने वाचण्याच्या प्राध्यापकाच्या सवयीचे छायाचित्र निघत नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, आपल्या महाविद्यालयांतील उणीव केवळ निधीची नसून दृष्टीचीही आहे. माहितीपत्रकातील ते वाक्य बदलावे आणि प्रवेश अर्जात एक प्रश्न जोडावा : शिकताना आपणास कोणती अडचण येते आणि काय केल्यास ती दूर होईल? या उत्तराची जबाबदारी एका प्राध्यापकाकडे सोपवावी आणि पहिल्या तासिकेपूर्वी ते संबंधित शिक्षकांपर्यंत पोहोचवावे. यास वेगळे अनुदान लागत नाही. असे झाल्यास ‘सवलत’ हा शब्द टाकून देण्याचीही गरज उरणार नाही. सुलभता हा त्याचा हरवलेला अर्थ त्याला परत मिळेल.