रोबोटचा माग : आधी नोंद, मग धाव

(सात रस्ता, सोलापूर येथील व्याख्यानाचं शब्दांकन)

सोलापुरात ‘माग’ म्हटलं की आधी खटखट ऐकू येते. इथे सात रस्त्यावर कुणालाही विचारा, चादरीच्या नाहीतर टॉवेलच्या मागाकडेच बोट दाखवील. आज आपण दुसऱ्या मागाबद्दल बोलणार आहोत, चोराचा काढतात त्या. चोर रोबोटच्या आत बसलेला आहे आणि तो मिलिसेकंद चोरतो.

साधनाचं नाव ‘रॉस २ ट्रेसिंग’. रॉस २ ही रोबोटची सॉफ्टवेअर चौकट तुमच्यापैकी बरेच जण वापरता. तिच्या आत काय, कधी, किती वेळ चाललं याची नोंद हे साधन ठेवतं. ते आम्हाला आवडतं, हे आधीच सांगतो. तक्रारीही आहेत, त्या पुढे येतीलच.

आधी आमचीच चूक सांगतो. आम्ही एक छोटी गाडी केली होती. चार चाकं, वर लायडार, पुढे कॅमेरा, आत रास्पबेरी पाय. अडथळा दिसला की थांबायचं, एवढंच काम. बहुतेक वेळा ती नीट थांबायची, पण मधूनच उशीर करायची आणि खुर्चीला धडकायची. अडथळ्याचा कोड आमच्यातल्या एका विद्यार्थिनीने लिहिला होता. खापर अर्थातच तिच्यावर. तिने फंक्शनच्या सुरुवातीला आणि शेवटी वेळ छापून दाखवली, 4 मिलिसेकंद. म्हणाली, “सर, माझं काम वेळेत होतंय.” आम्ही म्हणालो, मग गाडी का धडकते? दोन आठवडे तिच्याकडून तोच कोड पुन्हापुन्हा लिहून घेतला.

मग ट्रेस घेतला. तिचं फंक्शन खरंच 4 मिलिसेकंदांत संपत होतं. पण लायडारचा संदेश पाठवल्याची वेळ आणि तो तिच्या फंक्शनसाठी उचलल्याची वेळ, यांत कधीकधी 180 मिलिसेकंदांचं अंतर पडत होतं. तेवढ्यात तोच थ्रेड कॅमेऱ्याच्या फंक्शनमध्ये अडकलेला असायचा. आणि कॅमेऱ्याचा कोड लिहिला होता आम्ही.

असं का झालं? रॉस २ चा साधा एक्झिक्युटर म्हणजे एकच खिडकी असलेलं कार्यालय. पुढच्याचे कागद संपेपर्यंत मागचा उभाच. तिने खिडकीवरचा वेळ मोजला होता, रांगेतला नाही. रांगेतला वेळ फंक्शनची नुसती सुरुवात आणि शेवट मोजून कळत नाही. बघा, गाडी सेकंदाला अर्धा मीटर चालत असेल तर 180 मिलिसेकंदांत ती 9 सेंटीमीटर पुढे जाते. कॅमेरा वेगळ्या प्रोसेसमध्ये हलवला, धडका थांबल्या. तिची माफी मागितली ती सगळ्यांसमोर, कारण खापरही सगळ्यांसमोरच फोडलं होतं.

कुणी म्हणेल, रॉसबॅग आहे की! आहे, पण बॅगेत संदेश साठतात. कुठलं फंक्शन कधी सुरू झालं, कधी संपलं, हे त्यात नसतं. आणि जागोजागी प्रिंट टाकले तर त्या छापण्यालाच वेळ लागतो. ज्याची वेळ मोजायची तेच आपण मंद करतो.

इथे या साधनाची खरी बाजू दिसते. त्याच्या पोटात एलटीटीएनजी हा लिनक्सचा ट्रेसर आहे. मॉन्ट्रियलच्या पॉलिटेक्निकमध्ये मॅथ्यू देनॉये यांनी त्याचं काम सुरू केलं, 2005 साली तो बाहेर आला. नोंदी आधी मेमरीतल्या बफरमध्ये जातात, डिस्कवर लिहिण्याचं काम वेगळी प्रोसेस करते. क्रिस्तोफ बेदार, इंगो ल्युटकेबोले आणि मिशेल दाज्ने यांच्या 2022 च्या निबंधात संदेशाच्या एकूण प्रवासावर पडणारा जादा भार सरासरी 0.0033 मिलिसेकंद दिला आहे. आमच्या 180 पुढे तो कुठेच नाही.

आता तक्रारी.

पहिली बसवण्याची. 2023 च्या आयर्न आवृत्तीपासून लिनक्सवर ही सोय तयार पॅकेजमध्येच येते. पण आमच्यासारखे कित्येक जण अजून 2022 च्या हंबलवर आहेत. तिथे आधी एलटीटीएनजी बसवा, मग ट्रेसिंगचा भाग स्वतः सोर्समधून बांधा. रास्पबेरी पायवर हे करून बघा म्हणजे कळेल. आणि न बांधता ट्रेस घेतला तर? सगळं सुरळीत झाल्यासारखं वाटतं, फाइल उघडली की रॉसची एकही नोंद नाही. म्हणून आधी ‘ट्रेसटूल्स’चा ‘स्टेटस’ चालवून ट्रेसिंग चालू आहे असं उत्तर येतं का ते पाहा.

दुसरी कर्नलची. थ्रेडला प्रोसेसर मिळाला होता की नाही, हे फक्त कर्नल सांगू शकतं. त्यासाठी वेगळं मॉड्यूल लागतं, आणि तुमचं नाव ‘ट्रेसिंग’ गटात घालून पुन्हा लॉगिन करावं लागतं. लॅपटॉपवर सिक्युअर बूट असेल तर सुरू होताना निळ्या पडद्यावर किल्ली नोंदवायची असते. घाईत पुढे गेलात की मॉड्यूल चढत नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये जिथे पासवर्ड सरांकडे असतो, तिथे विद्यार्थ्याची वाट इथेच अडते.

तिसरी आम्हाला सगळ्यांत मोठी वाटते. कुठलं फंक्शन कुठल्या नोडचं, ही ओळख प्रोग्रॅम सुरू होतानाच एकदा नोंदली जाते. नंतरच्या नोंदींत नुसते आकडे, मेमरीचे पत्ते. सात रस्त्यावर उभं राहून नुसते बसचे नंबर टिपले आणि कुठला नंबर कुठे जातो याचा तक्ताच नसेल, तशी गत. गाडी बिघडली म्हणून धावत जाऊन ट्रेस सुरू केला तर हातात नंबर येतात, नावं नाहीत. म्हणून आधी ट्रेस, मग रोबोट. लाँच फाइलमध्येच ट्रेसची ओळ घाला, म्हणजे विसरायला नको.

चौथी, बफर भरला की नोंदी गळतात. फाइल वाचताना तशी सूचना मिळते, पण आपण ती वाचत नाही. मग गळलेल्या जागी रोबोट स्वस्थ होता असं समजून बसतो. पाचवी, विश्लेषणाची. पायथनमधली साधनं सोबत आहेत, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर काढणारा कोड बहुधा तुम्हालाच लिहावा लागतो. नोंद घेणारा भाग जितका पक्का, तितका हा नाही.

मग वापरावं का? जरूर वापरा. पण हे साधन पाच मिनिटांत बसतं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. एक दिवस बाजूला ठेवा. दोन फंक्शनांचा छोटा नोड घ्या, एकाला मुद्दाम 200 मिलिसेकंद झोपवा, आणि ते ट्रेसमध्ये सापडतंय का बघा. ज्याचं उत्तर आधीच ठाऊक आहे ते सापडलं, की मगच खऱ्या रोबोटकडे वळा.

आणि उशीर झाला की कोडचं नाव घेण्याआधी विचारा, काम उशिरा संपलं की उशिरा सुरू झालं? हा प्रश्न आम्ही पहिल्याच दिवशी विचारला असता तर त्या मुलीचे दोन आठवडे वाचले असते.

चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.